ऐन वेळी सुचतं ते कुठून येतं?



आमचं चकलांबा हे बीड जिल्ह्याच्या गेवराई तालुक्यातलं गाव. गावात हरिनाम सप्ताह बसला की सात दिवस पहाटे काकडा, दिवसा पारायण, संध्याकाळी हरिपाठ आणि रात्री कीर्तन असा क्रम असतो. मी बारा-तेरा वर्षांचा असेन. एका सप्ताहात चौथ्या दिवशी मृदंग वाजवणारे बुवा तापानं आडवे झाले आणि मंडळींनी मला पुढे बसवलं. मला भजनी ठेका येत होता. शिवाय पाठ केलेले वीस-पंचवीस बोल होते, आणि ते सगळ्या गावाला ऐकवायची घाई होती.

अर्धा तास बरा गेला. मग निरूपण करता करता महाराजांनी एकदम चाल बदलली आणि लय चढवली. माझा एक लांबलचक बोल तेव्हा निम्म्यावर आला होता. तो सोडावा की पुरा करावा, हे मला कळेना. मी तो पुरा केला. तोवर टाळकरी पुढे निघून गेले होते, आणि ठेका काही केल्या त्यांच्याशी जुळेना. शेवटी शेजारच्या म्हाताऱ्या टाळकऱ्यानं मांडीवर थाप मारून मला सम दाखवली, तेव्हा गाडी रुळावर आली.

कीर्तन संपल्यावर तो म्हणाला, "पोरा, हात चांगला आहे तुझा. पण तू तुझंच वाजवत होतास. महाराज काय म्हणतात, ते ऐकलंच नाहीस."

पुढे अनेक वर्षं मी शिकलो, मग शिकवू लागलो. तालवाद्य वाजवणाऱ्याच्या शिक्षणाचं सार त्या म्हाताऱ्याच्या बोलण्यात होतं, हे मला फार उशिरा कळलं. आज त्या शिक्षणाविषयीच बोलणार आहे. वादक ऐन वेळी नवं काहीतरी वाजवतो, त्याला आपल्या संगीतात 'उपज' म्हणतात. ही उपज येते कुठून? ती शिकवता येते का? आणि ती शिकण्यात घातलेल्या वर्षांवर पोट भरतं का?

पहिला गैरसमज आधी दूर करू. उपज म्हणजे मनाला येईल ते वाजवणं, असं पुष्कळांना वाटतं. जात्यावर बसणाऱ्या आपल्या आज्या आठवा. ओवीची चाल ठरलेली, जात्याचा फेरा ठरलेला. पण माहेराहून आलेल्या भावावरची ओवी त्याच सकाळी, दळता दळता जुळत असे. कुणी ती लिहून दिलेली नसे. मात्र त्या बाईनं लहानपणापासून शेकडो ओव्या ऐकलेल्या असत. चौकट हाडीमाशी मुरलेली असली की शब्दांची काळजी करावी लागत नाही. तबलजीचं, पखवाजियाचं नेमकं असंच असतं. त्याचं जातं म्हणजे तालाचं आवर्तन. त्रितालाच्या सोळा मात्रा फिरून फिरून पहिल्या मात्रेवर, म्हणजे समेवर येतात. हा फेरा मोडायचा नाही, एवढी एक अट. तिच्या आत काय भरायचं, ते वादकाचं.

आता शिक्षण कसं होतं ते पाहू. पहिली पायरी अक्षरांची. ता, ना, तिं, धा, धीं, गे, के, ति, ट अशी थोडी अक्षरं. प्रत्येकाची बोटाची जागा वेगळी. तबल्यात चाट, लव आणि शाई अशा जागा असतात. पखवाजाच्या डाव्या तोंडाला ओली कणीक लावतात, म्हणून त्याचा नाद खोल आणि भारदस्त येतो. ही अक्षरं स्वच्छ निघायलाच वर्ष-दोन वर्षं जातात. त्याबरोबर पढंत चालते, म्हणजे हातानं ताल देत बोल तोंडानं म्हणणं. जे तोंडात स्वच्छ नाही ते हातात स्वच्छ येत नाही, असं जुने गुरू सांगत आले.

दुसरी पायरी कायद्याची. हा शब्दच बोलका आहे. एक साधा कायदा ऐका:

धाधा तिट धाधा तूना
ताता तिट धाधा धीना

सोळा अक्षरं. पहिल्या ओळीत डग्गा घुमतो, दुसऱ्या ओळीच्या सुरुवातीला तो बंद होतो आणि पुन्हा उघडतो. आता गुरुजी सांगतात, 'याचे पलटे कर.' म्हणजे हीच अक्षरं उलटसुलट मांडायची. जसं की:

धाधातिट तिटधाधा धाधातिट धाधातूना
तातातिट तिटताता धाधातिट धाधाधीना

बाहेरचं एकही अक्षर घ्यायचं नाही. शेवट तूना-धीना यांवरच करायचा. पहिल्या अर्ध्यात जी रचना केली तीच दुसऱ्या अर्ध्यात बंद बोलांनी दाखवायची. नियम एवढे कडक, तरीही विचार करणारा विद्यार्थी या चार-सहा अक्षरांतून पलट्यामागून पलटे काढतो. सुरुवातीला गुरूंनी दिलेले दहा-बारा पलटे पाठ करतात. एक दिवस गुरू म्हणतात, 'आता अकरावा तू कर.' माझ्या मते वादकाचं खरं शिक्षण त्या दिवशी सुरू होतं. बरेच विद्यार्थी तिथंच अडतात. त्यांच्याजवळ बोल भरपूर असतात, पण अकरावा पलटा नसतो. सप्ताहात माझं नेमकं हेच झालं होतं.

तिसरी पायरी हिशेबाची. तिहाई आपण सगळ्यांनी ऐकली आहे. एकच बोल तीनदा वाजतो आणि शेवटचा धा नेमका समेवर पडतो, श्रोते मान डोलावतात. घरी बसल्या बसल्या करून पाहा. सोळापर्यंत सावकाश मोजा. सतरावी मात्रा म्हणजे पुढच्या आवर्तनाची पहिली, म्हणजेच सम. आता पाच मात्रांचा बोल घ्या, एक मात्रा थांबा, पुन्हा पाच, पुन्हा एक थांबा, पुन्हा पाच. पाच, एक, पाच, एक, पाच मिळून सतरा. पहिल्या मात्रेपासून सुरू केलं तर शेवटचं अक्षर बरोबर समेवर येतं. सातव्या मात्रेपासून निघालात तर अकरा मात्रा हाती आहेत. तेव्हा तीन, एक, तीन, एक, तीन. नवव्या मात्रेपासून निघालात तर नऊ उरतात. मग तिनाचा बोल न थांबता तीनदा.

मैफलीत वादक हे गणित मांडत बसत नाही. तेवढा वेळच नसतो. गायकानं तान सोडली, आवर्तनाच्या सहा मात्रा गेल्या, आणि वादकाला 'आता सातवीपासून' हे आतूनच जाणवतं. बाजारात रोज बसणारी भाजीवाली पाव किलोचे पैसे जसे कागद न घेता सांगते, तसं. हे रियाजानं येतं, आणि रियाजाला आडवाट नाही. जुन्या उस्तादांमध्ये चिल्ला करायची पद्धत होती. चाळीस दिवस जगापासून बाजूला होऊन फक्त वाद्य.

उस्ताद झाकिर हुसेन यांचं उदाहरण सगळ्यांच्या ओळखीचं आहे. ९ मार्च १९५१ रोजी मुंबईत त्यांचा जन्म झाला, बालपण माहीमला गेलं. बाळ घरी आल्यावर वडिलांनी, म्हणजे उस्ताद अल्लारखाँ यांनी, त्यांच्या कानात प्रार्थनेऐवजी तबल्याचे बोल म्हटले, ही आठवण ते अनेकदा सांगत. पुढे पहाटे तीनच्या सुमारास वडील उठवत. त्या प्रहरी वादनापेक्षा पढंतच अधिक होई. त्यानंतर मदरसा आणि मग शाळा. १९७० साली ते अमेरिकेला गेले. १९७३ मध्ये गिटारवादक जॉन मॅक्लॉफ्लिन, व्हायोलिनवादक एल. शंकर आणि घटमवादक विक्कू विनायकराम यांच्याबरोबर 'शक्ती' हा वाद्यमेळ उभा राहिला. २०२३ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळालं, फेब्रुवारी २०२४ मध्ये एकाच रात्री तीन ग्रॅमी पुरस्कार मिळाले, आणि त्याच वर्षी १५ डिसेंबरला ते गेले. मंचावर त्यांना सहज सुचत असे, असं आपण म्हणतो. त्या सहजपणाच्या मागे माहीममधल्या त्या पहाटा होत्या.

पण रियाजानं फक्त निम्मं काम होतं. उरलेलं निम्मं त्या टाळकऱ्यानं सांगितलं होतं, ते म्हणजे ऐकणं. आपल्याकडे तालवाद्य प्रामुख्यानं साथीचं. साथीदाराची उपज दुसऱ्याच्या उपजेला उत्तर देते. उस्ताद अहमदजान थिरकवाँ हे स्वतंत्र तबलावादनातलं केवढं मोठं नाव! मुंबईत उस्ताद मुनीरखाँ यांच्याकडे ते शिकले. पण महाराष्ट्राच्या आठवणीत ते राहिले ते बालगंधर्वांचे साथीदार म्हणून. गंधर्व नाटक मंडळीत रात्रीमागून रात्री तीच पदं असत. गंधर्व मात्र तेच पद रोज वेगळ्या अंगानं फुलवत, आणि तबल्यालाही रोज नवं बोलावं लागे, तेही गाण्यावर कुरघोडी न करता. जिथं जागा मिळेल तिथंच भरायचं आणि बाकी वेळ ठेका नुसता सुंदर ठेवायचा. ठेका सुंदर ठेवणं हीसुद्धा उपजच आहे, हे नवशिक्याला पटायला फार वेळ लागतो. १९७० साली पद्मभूषण मिळालेले थिरकवाँसाहेब १९७६ मध्ये गेले.

कीर्तनातली साथ याहून अवघड, असं मला वाटतं. गायकाला निदान राग आणि ताल बांधून घेतात. कीर्तनकार बोलता बोलता केव्हा गजर उचलेल, केव्हा हात वर करून एकदम थांबवेल, याचा नेम नसतो. मृदंगाचार्याची नजर त्याच्या तोंडावर आणि हातावर असावी लागते. म्हणून कीर्तन ही तालवाद्य शिकणाऱ्यांची मोठी शाळा ठरली. एकोणिसाव्या शतकात पखवाजाचं मोठं घराणं उभं करणारे नाना पानसे मूळचे आपल्याच वाई भागातले. घरी कीर्तनाची परंपरा, तिथं साथ करत हात तयार झाला. पुढे काशीला बाबू जोधसिंग यांच्याकडे त्यांनी विद्या घेतली, असं परंपरा सांगते, आणि इंदूरला होळकरांच्या दरबारी ते नावारूपाला आले. आजचे तालयोगी पंडित सुरेश तळवलकर यांचा जन्म १९४८ चा. तेही कीर्तनाची परंपरा असलेल्या घरातले. तबल्यासाठी त्यांना पंढरीनाथ नागेशकर आणि विनायकराव घांग्रेकर यांचं मार्गदर्शन लाभलं. २०१३ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

आणि आपल्या बीड जिल्ह्याचं नाव यात मागे नाही. अंबाजोगाई तालुक्यातल्या आपेगावचे शंकरबापू आपेगावकर पखवाज घेऊन देशभर गेले. १९८६ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांचा वारसा उद्धवबापू आपेगावकर यांनी पुढे नेला. आमच्याकडच्या पोरांना मी हे मुद्दाम सांगतो. मोठं व्हायला मुंबईतच जन्मावं लागतं असं नाही.

तालवाद्य हे पुरुषांचं काम, हाही एक जुना समज. मुंबईच्या डॉ. आबान मिस्त्री यांनी तो मोडला. त्यांनी मैफलींत तबला वाजवला आणि तबला-पखवाजाच्या घराण्यांवर मोठा ग्रंथही लिहिला. अनुराधा पाल, सावनी तळवलकर यांनी ती वाट रुंद केली. तरी आमच्या खेड्यात मृदंग शिकायला मुलगी आली की अजून माणसं वळून बघतात. ते बदलायला हवं.

ही विद्या घेऊन माणूस जगात कुठवर जाऊ शकतो, याचं एक वेगळं उदाहरण त्रिलोक गुर्टू यांचं. जन्म १९५१ चा, मुंबईचा. आई ठुमरी-दादऱ्याच्या ख्यातनाम गायिका शोभा गुर्टू. घरात गाणं, हातात तबला. पुढे त्यांनी पाश्चात्त्य ड्रमही उचलले, पण पद्धत स्वतःची केली. ड्रम उंच स्टुलावर बसून न वाजवता ते जमिनीलगत मांडले, शेजारी तबला ठेवला. वाजती झांज पाण्याच्या बादलीत बुडवली की तिचा नाद वाकतो, हेही त्यांनी वादनात आणलं. 'ओरेगन' या अमेरिकन वाद्यमेळातले वादक कॉलिन वॉलकॉट १९८४ मध्ये अपघातात गेले. त्यांच्या जागी पुढे गुर्टू वाजवू लागले. नंतर मॅक्लॉफ्लिन यांच्या त्रयीत होते. १९८८ साली त्यांची स्वतःची 'उस्फ्रेत' ही ध्वनिमुद्रिका आली, तीत शोभाताई गायल्या आहेत.

जॅझ आणि आपलं संगीत यांत हे कसं जमलं? कारण तिथंही एक फेरा असतो. बारा किंवा बत्तीस मापांची चौकट फिरत राहते आणि तिच्या आत वादक उपज करतात. ज्याच्या अंगात आवर्तन मुरलं आहे, त्याला फेरा कुठलाही चालतो, फक्त समोरच्याचं ऐकायची सवय हवी. तबल्याची भाषा न येणारा गिटारवादक आणि गिटारची भाषा न येणारा तबलजी एका मंचावर बोलू शकतात ते याच सवयीमुळे.

आता पोटापाण्याचं. आई-वडील मला विचारतात, 'मास्तर, पोराला यात घातलं तर पुढे काय?' मी खोटी आशा दाखवत नाही. वाटा आहेत. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिकपासून विशारद, अलंकारपर्यंत परीक्षा आहेत. विशारद झालं की शिकवण्या मिळतात. आकाशवाणीची स्वरचाचणी देता येते. तिथं 'बी', 'बी हाय', 'ए' आणि 'टॉप' अशा श्रेण्या असतात आणि कार्यक्रम मिळताना श्रेणीचा उपयोग होतो. एके काळी केंद्रांवर पगारी वादक असत, आता त्या भरवशावर राहू नये. वारकरी संप्रदायातली वाट आळंदीची. जोग महाराजांनी १९१७ मध्ये तिथं वारकरी शिक्षण संस्था सुरू केली. आळंदीत राहून मृदंग शिकणारी मराठवाड्यातली मुलं आजही पुष्कळ आहेत. सप्ताहांच्या दिवसांत त्यांना रोज काम असतं, एरवी नसतं. साथीदाराची बिदागी मुख्य कलाकारापेक्षा कमीच राहिली आहे. ध्वनिमुद्रणात संगणकाचे तयार ठेके आले, त्यानं पुष्कळांचं काम गेलं. म्हणून मी सांगतो, शाळा सोडू नका. दहावी-बारावी होऊ द्या आणि रोज दोन तास पक्के बसा. उपजेला पदवी लागत नाही, पण घर चालवायला काहीतरी लागतं.

आमच्या भागात याहून मोठी अडचण आहे. माझ्याकडे एक मुलगा शिकायला येई. हात असा की एकदा दाखवलं की पुरे. पण आई-बाप ऊसतोडीला जाणारे. दिवाळी आली की मुकादमाची उचल घेतलेली असे, आणि टोळीबरोबर पोरगंही कारखान्यावर जाई. चार-पाच महिने शिक्षण बंद. ज्या वयात बोटं घडतात त्याच वयात त्या बोटांत कोयता नाहीतर पाचट. पहिल्या वर्षी पट्टा पडून तो परत आला, तेव्हा मला वाटलं, सगळं पहिल्यापासून शिकवावं लागणार. त्याची बोटं खरंच जड झाली होती, 'तिट' निघत नव्हतं. पण मी ताल धरला तशी त्यानं कायद्याची पढंत सुरू केली, आणि एक मात्रासुद्धा हलली नाही. विचारलं, कसं काय रे? म्हणाला, "मास्तर, गाडीवर बसून म्हणायचो. बैलांची चाल असते ना, तिच्यावर."

बोटं पुन्हा चालायला दोन महिने लागले. पुढच्या वर्षी त्याच्या आईला मी हात जोडले. तिनं पोराला आजीपाशी ठेवलं. पुढची दोन वर्षं तो गावच्या हंगामी वसतिगृहात जेवला आणि माझ्याकडे वाजवायला आला. प्रत्येक पोराच्या नशिबी अशी आजी नसते. किती हात असे पाचटात हरवले असतील, याचा विचार केला की झोप येत नाही.

तो मुलगा आज फार मोठा कलाकार झाला आहे असं नाही. थोडी शेती करतो, आठवड्यातून तीन दिवस पोरांना शिकवतो, सप्ताहांना वाजवतो. गेल्या सप्ताहात मी टाळकऱ्यांत उभा होतो. त्यानं एक लांब बोल उचलला होता, आणि महाराजांनी मध्येच गजर धरला. माझा जीव वर झाला. पण त्यानं तो बोल जिथल्या तिथं सोडला, दोन मात्रा ठेका नुसता धरला, आणि सातव्या मात्रेवरून तीन-तीनचा छोटा तिय्या घेऊन गजराच्या समेवर जाऊन बसला. बहुतेकांच्या ते लक्षातही आलं नसेल.

कीर्तन झाल्यावर मी त्याला विचारलं, "तो बोल अर्धाच सोडलास की रे?"

तो म्हणाला, "महाराज निघाले होते ना पुढे."